झोपेतून उठल्यावर कार्ड म्हणतं २५५ चॅनल : ड्रायव्हरमधून कॉन्फिगरेशन वाचण्याबद्दल मदत हवी

रात्रपाळी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. पुण्यात एका लहान कंपनीत डेटा अ‍ॅक्विझिशन (बाहेरचे सिग्नल मोजून संगणकात घेणाऱ्या) कार्डाचा लिनक्स ड्रायव्हर मी सांभाळतो. कार्ड पीसीआय एक्सप्रेसचं आहे, आत एफपीजीए, म्हणजे डिझाइन भरून हवी तशी बनवता येणारी चिप. एक मॉडेल १६ चॅनलचं, दुसरं ३२ चॅनलचं. कोणतं कार्ड लावलंय हे ड्रायव्हरला कळावं म्हणून हार्डवेअरच्या मंडळींनी कॉन्फिगरेशन स्पेसमध्ये (कार्डाची ओळख आणि मांडणी सांगणाऱ्या छोट्या जागेत) एक बाइट ठेवलाय, त्यात चॅनलची संख्या असते. तो मी प्रोबमध्ये (कार्ड सापडल्यावर चालणाऱ्या भागात) वाचतो, मशीन झोपेतून उठलं की रिझ्यूममध्ये पुन्हा वाचतो आणि तितके डीएमए डिस्क्रिप्टर (कार्डानं डेटा थेट मेमरीत कुठे ठेवायचा त्या नोंदी) भरतो.

नवीन रिव्हिजनचं कार्ड आल्यापासून मशीन झोपवून उठवलं की दहातल्या दोन-तीन वेळा ड्रायव्हर २५५ चॅनल आहेत असं समजतो. डिस्क्रिप्टरचं टेबल ३२ पुरतंच असल्यामुळे पुढचं लिखाण टेबलाबाहेर जातं आणि मशीन जागच्या जागी गोठतं. मागच्या आठवड्यात एका ग्राहकाचं दोन दिवसांचं मोजमाप यात गेलं. ते माझ्या कोडमुळे गेलं, याचं फार वाईट वाटतंय.

वाचन पीसीआय_रीड_कॉन्फिग_बाइट ने करतो, ऑफसेट हेक्स ६०, म्हणजे ९६. परत आलेला कोड शून्यापेक्षा लहान असेल तर एरर देऊन बाहेर पडतो. ती एरर एकदाही लॉगमध्ये दिसलेली नाही. म्हणजे वाचन यशस्वी झालं. मग हे २५५ येतात कुठून?

---

तांब्याचीतार

२५५ म्हणजे आठही बिट एक. ही संख्या कार्डानं दिलेली नाही. कार्डानं उत्तरच दिलं नाही, म्हणून ती आली.

जुन्या पीसीआय बसवर वाचनाचं चक्र सुरू झालं की ज्याचा तो पत्ता असेल त्या उपकरणानं ठरावीक घड्याळांत एक सिग्नल खाली ओढून "मी आहे" असं कळवायचं असतं. कुणीच कळवलं नाही तर होस्ट ब्रिज (प्रोसेसर आणि बस यांना जोडणारा भाग) ते चक्र सोडून देतो. याला मास्टर अ‍ॅबॉर्ट म्हणतात. पण प्रोसेसर तर तिकडे उत्तराची वाट पाहत थांबलेला असतो, त्याला काहीतरी द्यावंच लागतं. मग त्याच्या हातात सगळे एक ठेवले जातात. पीसीआय एक्सप्रेसमध्ये तारांचं हे नाटक उरलं नाही, तिथे पॅकेट जातं आणि उत्तराचं पॅकेट येतं. तरी उत्तर आलं नाही किंवा नकार आला तर रूट कॉम्प्लेक्स (होस्ट ब्रिजचं इथलं रूप) जुनीच रीत पाळून सगळे एक देतो, कारण सगळं सॉफ्टवेअर त्याच खुणेवर विसंबून आहे. मशीन सुरू होताना बसची गणती याच खुणेनं होते. व्हेंडर आयडीच्या (कंपनीच्या क्रमांकाच्या) जागी एफएफएफएफ दिसला की तो स्लॉट रिकामा समजायचा. म्हणूनच तो क्रमांक कुठल्याही कंपनीला दिला जात नाही.

तुमचं कार्ड उठलेलं नसताना तुम्ही त्याला विचारताय.

---

कर्नलवारी

तांब्याचीतार यांच्याशी सहमत. आता धागाकर्त्यांना एरर लॉगमध्ये कधीच का दिसली नाही याकडे येते, कारण ही चूक मी पॅच तपासताना पुन्हा पुन्हा पाहते आणि प्रत्येक वेळी जीव कळवळतो.

पीसीआय_रीड_कॉन्फिग_ घराण्यातली फंक्शन्स नेहमीचे ऋण एरर कोड देत नाहीत. ती पीसीआय बायॉसच्या काळातले कोड देतात आणि ते सगळे धन असतात. उपकरण सापडलं नाही तर हेक्स ८६, म्हणजे १३४. रजिस्टरचा क्रमांक चुकीचा असेल तर हेक्स ८७, म्हणजे १३५. यश म्हणजे शून्य. तेव्हा "शून्यापेक्षा लहान" ही तुमची अट कधीच खरी होणार नाही. "शून्य नसेल तर" अशी अट लिहा, आणि तो कोड वर पाठवायचा असेल तर आधी पीसीआयबायॉस_एरर_टू_एररनो मधून काढा. नाहीतर प्रोबमधून १३४ परत जाईल आणि वरच्या थरांना त्याचा अर्थच लागणार नाही.

एवढं दुरुस्त करून थांबू मात्र नका. कॉन्फिगरेशन स्पेस मेमरीत मॅप केलेली असते तेव्हा हे वाचन म्हणजे मशीनच्या लेखी साधं मेमरीतून उचलणं. सगळे एक हातात येतात आणि फंक्शन प्रामाणिकपणे शून्य परत करतं, कारण त्याच्या बाजूनं काही बिघडलेलंच नसतं. उपकरण गेलंय अशी नोंद कर्नलनं आधीच केलेली असेल तरच १३४ येतो. म्हणून कोडही तपासायचा आणि किंमतही. किंमतीसाठी कर्नलमध्ये पीसीआय_पॉसिबल_एरर हा मॅक्रो आहे. त्यातला "पॉसिबल" शब्द मला फार आवडतो. सगळे एक ही खरीखुरी किंमतही असू शकते, त्यामुळे फक्त संशय घ्यायचा आणि मग व्हेंडर आयडी वाचून खात्री करायची. पीसीआय_डिव्हाइस_इज_प्रेझेंट तेच करतं. व्हेंडर आयडी नीट आला, पण आधीची किंमत सगळे एक होती, तर ती किंमत पुन्हा वाचा. मधल्या क्षणात कार्ड जागं झालेलं असू शकतं.

आणखी एक. हेक्स ६० हा आकडा कुठून आला?

---

रात्रपाळी

हार्डवेअरच्या दस्तऐवजात होता, तसाच उतरवला. १३४ धन असतो हे आज पहिल्यांदा कळलं. चार वर्षं तो कोड तसाच आहे.

---

शिकाऊ_उमेदवार

मी कोल्हापूरला शेवटच्या वर्षाला आहे. ६० का नको? दस्तऐवजात आहे म्हणजे तिथेच असणार ना? प्रश्न बाळबोध वाटला तर माफ करा.

---

कर्नलवारी

अजिबात बाळबोध नाही. माझ्या कामातला अर्धा वेळ याच प्रश्नाचं उत्तर देण्यात जातो.

मूळ कॉन्फिगरेशन स्पेस २५६ बाइटची. पहिल्या ६४ बाइटची मांडणी ठरलेली आहे. सुरुवातीला व्हेंडर आयडी, मग डिव्हाइस आयडी, कमांड, स्टेटस, पुढे कार्डाची मेमरी कुठल्या पत्त्यावर दिसेल ते ठरवणारी बेस अ‍ॅड्रेस रजिस्टरं. ६४ नंतरची जागा उपकरणाच्या मर्जीची. तिथे काय कुठे आहे हे कळावं म्हणून हेक्स ३४ ला एक बोट दाखवणारा बाइट असतो. तो पहिल्या कपॅबिलिटीकडे (कार्डाच्या एखाद्या सोयीच्या नोंदीकडे) नेतो, तिथला दुसरा बाइट पुढच्या कपॅबिलिटीकडे, अशी साखळी. कंपनीच्या खास माहितीसाठी क्रमांक ०९ ची कपॅबिलिटी राखून ठेवलीय आणि तिच्या तिसऱ्या बाइटमध्ये तिची लांबी असते. एफपीजीएच्या नव्या आवृत्तीत एखादी कपॅबिलिटी वाढली की ही साखळी सरकते. ६० ला काल चॅनलची संख्या होती, आज तिथे दुसऱ्याच कशाचा तरी बाइट असेल, आणि तो १६ किंवा ३२ निघाला तर कुणाला संशयही येणार नाही. २५५ निदान ओरडून सांगतो. म्हणून पीसीआय_फाइंड_कपॅबिलिटी ला ०९ विचारायचं, लांबी तपासायची आणि मगच आतला बाइट घ्यायचा.

साखळी चालतानाही कर्नल सावध असतो. जास्तीत जास्त ४८ पावलं टाकतो. २५६ मधून ६४ वजा केले, चारनं भागलं, की ४८ येतात. चार-चार बाइटच्या तेवढ्याच कपॅबिलिटी तिथे मावतात. बिघडलेल्या कार्डात साखळी स्वतःच्याच शेपटीला जोडली गेली तरी कर्नल तिथे फिरत राहत नाही. आणि क्रमांकाच्या जागी एफएफ दिसला की तो थांबतो.

---

घाटमाथा

एवढं कशाला? २५५ आला तर दहा मिलिसेकंद थांबायचं, परत वाचायचं, नीट किंमत येईपर्यंत फिरवायचं. आणि रोग शोधायचा असेल तर प्रत्येक वेळी पीसीआय एक्सप्रेसच्या वाढीव कॉन्फिगरेशन स्पेसचे पूर्ण ४०९६ बाइट लॉगमध्ये ओतायचे. मी असंच करतो, दोन तासांत उत्तर मिळतं.

---

तांब्याचीतार

घाटमाथा, तुमची तळमळ कळते, पण दोन्ही गोष्टींना माझा विरोध आहे. आधी दुसरीबद्दल बोलतो, कारण ती धोक्याची आहे.

वाचल्यानं काही बिघडत नाही ही मेमरीची सवय झाली. हार्डवेअरमध्ये वाचणं ही एक कृती असते. १६५५० जातीच्या यूआर्टचं (सिरियल पोर्टच्या चिपचं) डेटा रजिस्टर वाचलं की रांगेतला बाइट निघून जातो. कित्येक नेटवर्क कार्डांचं इंटरप्टचं कारण सांगणारं रजिस्टर वाचताक्षणी पुसलं जातं. लिनक्समध्ये साध्या वापरकर्त्याला सिसएफएस (कर्नलची माहिती फाइलींच्या रूपात दाखवणारी जागा) मधून कॉन्फिगरेशन स्पेसचे पहिले ६४ बाइटच दिसतात, पुढचं वाचायला प्रशासकाचे अधिकार लागतात. कारण त्या कोडच्या टिपेतच लिहिलंय : न ठरवलेली जागा वाचायला गेलं की कित्येक चिप अडकून पडतात.

सगळ्यात बोलका दाखला आयबीएमच्या थिंकपॅडचा. तापमानाचे सेन्सर शोधणारी साधनं एसएमबसवरच्या (बोर्डावरच्या लहान चिप जोडणाऱ्या बसवरच्या) प्रत्येक पत्त्यावर "कुणी आहे का" अशी टकटक करत. काही थिंकपॅडमध्ये त्या बसवर २४आरएफ०८ नावाची ईईप्रॉम (वीज गेली तरी मजकूर राखणारी मेमरी) होती. ही टकटक तिला लिखाणाची सुरुवात वाटे आणि आतला मजकूर खराब होई. पुढे मशीन सुरूच होत नसे, बोर्ड बदलावा लागे. म्हणून लिनक्सच्या आय२सी-पीआयआयएक्स४ ड्रायव्हरमध्ये आयबीएमचं मशीन दिसलं की लोड व्हायलाच नकार देणारी तपासणी घालावी लागली. कुणीही लिहायला गेलं नव्हतं, फक्त पाहायला गेले होते.

तेव्हा जे हवं तेवढंच वाचा, ओळखीच्या पत्त्यावरून वाचा.

पुन्हा पुन्हा वाचण्याबद्दल हार्डवेअरवाल्या कुणीतरी बोलावं. मला वेगळीच शंका येतेय.

---

सोल्डरगंध

मी बोलते. नाशिकला बोर्ड डिझाइन करते, पीसीआय एक्सप्रेसची तीन कार्डं केलीत.

रात्रपाळी, मशीन झोपतं तेव्हा स्लॉटची वीज जाते का? जात असेल तर एफपीजीए सगळं विसरतो आणि उठताना फ्लॅशमधून आपलं डिझाइन पुन्हा भरून घेतो. ते भरेपर्यंत तिथे कार्डच नसतं, नुसता सिलिकॉनचा तुकडा असतो. हिशेब करून पाहा. बिटस्ट्रीम (एफपीजीएत भरायचं डिझाइन) समजा ८० मेगाबिटची, फ्लॅशचं घड्याळ ५० मेगाहर्ट्झ. चार तारांनी वाचलं तर ०.४ सेकंद, एका तारेनं वाचलं तर १.६ सेकंद. नियम असा आहे की वीज स्थिर झाल्यावर रीसेट किमान १०० मिलिसेकंद धरून ठेवला जातो, आणि तो सुटल्यावर २० मिलिसेकंदांत कार्डानं लिंक जुळवायला लागायचं. म्हणजे १२० मिलिसेकंदांच्या आत तयार. मोठे एफपीजीए इथे सर्रास चुकतात, पण मशीन पूर्ण बंद अवस्थेतून सुरू होताना बायॉस आपल्या कामात काही सेकंद घालवतो म्हणून ते झाकलं जातं. झोपेतून उठताना तेवढा वेळ मिळत नाही. दहातून दोन-तीन वेळा हे प्रमाण मला इथेच बोट दाखवतं. फ्लॅशचं घड्याळ एफपीजीएच्या अंतर्गत ऑसिलेटरवर चालत असेल तर त्याची चूक बरीच मोठी असते, त्यामुळे एकाच खेपेतली दोन कार्डंही वेगळी वागतात.

घाटमाथा यांची युक्ती इथे का चालत नाही ते सांगते. उठताना कर्नल कार्डाची जपून ठेवलेली कॉन्फिगरेशन परत लिहितो. कार्ड तेव्हा हजरच नसेल तर ते लिखाण हवेत जातं, कुणी तक्रारही करत नाही. अर्ध्या सेकंदानं कार्ड जागं होतं, तुमच्या फेरीला ३२ हे सुरेख उत्तर मिळतं, पण कार्डाची बेस अ‍ॅड्रेस रजिस्टरं कोरी असतात आणि कमांड रजिस्टरमध्ये मेमरीचा बिट बंद. ड्रायव्हरला वाटतं सगळं ठीक, आणि पहिल्याच रजिस्टर वाचनाला पुन्हा सगळे एक.

---

शिकाऊ_उमेदवार

मग कार्डानं "थोडं थांबा" असं सांगायची काही सोय नाही का?

---

सोल्डरगंध

आहे. कॉन्फिगरेशन रिक्वेस्ट रिट्राय स्टेटस. त्याची सोय चालू असेल तर व्हेंडर आयडीच्या जागी ०००१ दिसतो आणि कर्नल थांबून पुन्हा विचारतो. पण "थांबा" म्हणायलाही कार्डाचा पीसीआय एक्सप्रेसचा भाग जागा असावा लागतो. आपल्याकडे तोच अजून फ्लॅशमधून यायचाय. म्हणून काही जण बिटस्ट्रीमचे दोन भाग करतात, आधी फक्त पीसीआय एक्सप्रेसचा छोटा भाग भरायचा, बाकीचं मागून.

---

कर्नलवारी

सोल्डरगंध, फार मोलाचा प्रतिसाद. त्याला ड्रायव्हरची बाजू जोडते.

उशिरा आलेलं कार्ड ड्रायव्हरला सावरायचं असेल तर नुसतं पीसीआय_रिस्टोअर_स्टेट पुन्हा बोलावून काही होत नाही. बऱ्याच कर्नल आवृत्त्यांत गाभ्यानं ती स्थिती एकदा वापरली की ती जपलेली धरली जात नाही, दुसऱ्या वेळी फंक्शन काही न करता परत येतं. म्हणून प्रोबमध्ये सगळं नीट असताना पीसीआय_सेव्ह_स्टेट आणि लगेच पीसीआय_स्टोअर_सेव्ड_स्टेट करून स्वतःची एक प्रत ठेवायची. रिझ्यूममध्ये कार्ड हजर नसेल तर ठरलेल्या मुदतीपर्यंत वाट पाहायची, आलं तर आपली प्रत लोड करून रिस्टोअर करायची, नाही आलं तर एरर देऊन बाहेर. मुदत हवीच. न येणाऱ्या कार्डासाठी अख्ख्या मशीनचं उठणं अडवून ठेवणं बरोबर नाही.

पण माझं मत विचाराल तर रिझ्यूममध्ये चॅनलची संख्या वाचूच नये. प्रोबमध्ये एकदा वाचावी, तपासावी, आपल्या रचनेत ठेवावी. नंतर तीच वापरावी.

---

सोल्डरगंध

इथे माझा थोडा मतभेद आहे. मशीन झोपलेलं असताना कार्ड काढून दुसरं बसवणारे लोक मी पाहिलेत. १६ चॅनलच्या जागी ३२ चं कार्ड आणि ड्रायव्हरच्या मनात जुनाच आकडा, हेही चालणार नाही.

---

कर्नलवारी

हो, मान्य. मग रिझ्यूममध्येही वाचावं, पण जुन्या आकड्याशी जुळवून पाहण्यासाठी. जुळलं नाही तर कार्ड चालवायचं नाही, लॉगमध्ये दोन्ही आकडे स्पष्ट लिहायचे आणि थांबायचं. नवा आकडा गुपचूप स्वीकारायचा नाही.

आणि तपासणी म्हणजे "२५५ नाही ना" एवढीच नको. १६ किंवा ३२, याखेरीज काहीही आलं तर नकार. टेबल ३२ चं आहे हे ड्रायव्हरला माहीत होतं, तरी कार्डानं सांगितलेल्या आकड्यानं फेरी चालवली, खरी चूक तिथे झाली. कार्ड आपल्याच कंपनीचं म्हणून त्याच्यावर विश्वास टाकू नका. बाहेरून खोचता येणाऱ्या उपकरणांनी तर हा विश्वास मोडल्याचे दाखले आहेत. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या थंडरक्लॅप या संशोधनात नेटवर्क कार्डाचं सोंग घेतलेल्या एका उपकरणानं पीसीआय एक्सप्रेसवरून चांगल्या चांगल्या प्रणालींच्या मेमरीत शिरकाव करून दाखवला.

यूएसबीमध्ये हेच दुसऱ्या रूपात भेटतं. कॉन्फिगरेशन डिस्क्रिप्टर आधी ९ बाइट वाचतात, त्यात एकूण लांबी कळते, मग तेवढी जागा घेऊन पूर्ण वाचतात. दुसऱ्या वाचनात उपकरण वेगळीच लांबी सांगू शकतं. ज्यानं पहिल्या लांबीनं जागा घेतली आणि दुसऱ्या लांबीनं वाटचाल केली, तो टेबलाबाहेर गेला. तुमच्या २५५ सारखंच.

---

म्युनिकहून

इथे गाड्यांच्या कंट्रोलरवर काम करतो, सगळं आर्म प्रोसेसरवर. वरची चर्चा एक्स८६ (इंटेल-एएमडीच्या प्रोसेसर) वरची आहे, तिथे निदान सगळे एक तरी मिळतात. आमच्याकडच्या काही चिपवर हजर नसलेल्या उपकरणाला विचारलं की एक्स्टर्नल अ‍ॅबॉर्ट येतो आणि कर्नल पॅनिक. चिपच्या आतल्या ज्या ब्लॉकचं घड्याळ बंद आहे त्याचं रजिस्टर वाचलं तर काही ठिकाणी बसच लटकते, लॉगसुद्धा निघत नाही. मग वाचून झाल्यावर तपासायला आपण उरतच नाही. म्हणून आमची शिस्त अशी की रजिस्टरला हात लावण्याआधी रनटाइम पॉवर मॅनेजमेंटकडून ब्लॉक जागा करून घ्यायचा, त्याचा परतीचा कोड तपासायचा, आणि काम संपल्यावरच सोडायचा. धागाकर्त्यांचं कार्ड उद्या आर्मच्या बोर्डावर गेलं तर हे लक्षात असू द्या.

---

रात्रपाळी

सगळ्यांचे मनापासून आभार. मशीन झोपलं की स्लॉटची वीज जाते, मीटर लावून पाहिलं. हार्डवेअरच्या टीमकडे सोल्डरगंध यांचा हिशेब घेऊन गेलो होतो, ते तपासतायत.

आणखी एक विचारतो. पुढच्या रिव्हिजनमध्ये चॅनलची संख्या आणि कॅलिब्रेशनचे आकडे कार्डावरच्या फ्लॅशमध्ये ठेवायचं चाललंय, आणि तो फ्लॅश थेट बेस अ‍ॅड्रेस रजिस्टरमधून मॅप करून द्यायचा, म्हणजे ड्रायव्हर मेमरीसारखा वाचेल. हे बरं का?

---

कर्नलवारी

वाचण्यापुरतं मॅप करा. लिहिण्याची वाट हार्डवेअरमध्येच कुलूपबंद ठेवा. का, ते २००८ साली लिनक्सच्या लोकांनी फार महाग शिकलंय.

कर्नल २.६.२७ ची तयारी चालू होती. इंटेलच्या ई१०००ई ड्रायव्हरवर चालणारी काही नेटवर्क कार्डं एकाएकी मरू लागली, त्यांच्या एनव्हीएममधला (वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीतला) मजकूर खराब झालेला असे. संशय साहजिकच ड्रायव्हरवर गेला, लोकांनी तो ओळ न् ओळ तपासला. शेवटी कारण निघालं एफट्रेसमध्ये, म्हणजे कर्नलमधली फंक्शन्स कशी चालतात ते टिपणाऱ्या साधनात, ज्याचा नेटवर्कशी काही संबंध नाही. एफट्रेस कर्नलच्या चालू कोडमधल्या जागा बदलत असे. सुरुवातीपुरता लागणारा कोड मेमरीतून सोडून दिला गेला होता, त्याच पत्त्यांवर पुढे ई१०००ई चा फ्लॅश मॅप झाला, आणि एफट्रेसच्या यादीत जुने पत्ते तसेच राहिले होते. त्यानं तुलना करून बदलण्याची सूचना वापरली होती. तुलना जुळली नाही तर बदल होऊ नये अशी अपेक्षा, पण ही सूचना न जुळताही वाचलेली किंमत परत लिहिते. मेमरीत त्यानं फरक पडत नाही. फ्लॅशच्या नियंत्रणावर पडला. मग ई१०००ई मध्ये एनव्हीएमला लिखाणबंदी घातली गेली आणि २.६.२७.१ मध्ये एफट्रेसचा तो भाग बंद केला गेला.

त्याच ड्रायव्हरकडून घ्यायची चांगली गोष्टही आहे. एनव्हीएमच्या पहिल्या ६४ शब्दांची बेरीज हेक्स बीएबीए आली पाहिजे, असा नियम तो सुरुवातीलाच तपासतो. तुमच्या फ्लॅशमध्येही आवृत्तीचा क्रमांक, लांबी आणि सीआरसी (मजकूर बिघडला का ते ओळखायचा आकडा) ठेवा. फक्त सगळ्या एकांचा किंवा सगळ्या शून्यांचा मजकूर चुकूनही बरोबर ठरणार नाही अशी बेरीज निवडा. पुसलेल्या फ्लॅशमध्येही सगळे बिट एक असतात. आणि मेमरीसारखा वाचा म्हणजे साध्या पॉइंटरनं नको. आधी एकदा मेमसीपीवाय_फ्रॉमआयओ नं आपल्या मेमरीत उतरवून घ्या, तपासणी त्या प्रतीवर करा आणि पुढचं सगळं कामही त्याच प्रतीवरून.

---

रात्रपाळी

आठ दिवसांनी लिहितोय. सोल्डरगंध, तुमचा अंदाज अचूक निघाला. नव्या रिव्हिजनमध्ये फ्लॅशचा भाग बदलला होता आणि त्या गडबडीत बिटस्ट्रीम एका तारेनं वाचण्याच्या सेटिंगवर बनली होती. जुनं कार्ड चार तारांनी वाचायचं. ऑसिलोस्कोपवर भरणं पूर्ण झाल्याचा सिग्नल १.५ सेकंदांच्या आसपास वर येताना दिसला. आता चार तारा आणि कॉम्प्रेशन, दोन्ही लावलंय. १२० मिलिसेकंदांत अजूनही बसत नाही, म्हणून पुढच्या खेपेला बिटस्ट्रीमचे दोन भाग करायचं ठरलंय.

ड्रायव्हरमध्ये हेक्स ६० गेला, कपॅबिलिटी शोधून वाचतो. परतीचा कोड शून्याशी ताडतो, किंमत १६ किंवा ३२ नसेल तर कार्ड नाकारतो. रिझ्यूममध्ये आधी कार्ड हजर आहे का पाहतो, दोन सेकंदांपर्यंत थांबतो, उशिरा आलं तर प्रोबमधली प्रत लोड करतो आणि मग आकडा जुळवतो. आरटीसीवेक (ठरल्या वेळी मशीन उठवणारं साधन) नं मशीन ५०० वेळा झोपवलं-उठवलं. २५५ एकदाही नाही. मुद्दाम एका तारेची बिटस्ट्रीम परत टाकून पुन्हा चालवलं तेव्हा कार्ड उशिरा येत राहिलं, पण मशीन एकदाही गोठलं नाही, लॉगमध्ये फक्त वाट पाहिल्याची ओळ आली.

ग्राहकाला स्वतः फोन करून काय झालं होतं ते सगळं सांगितलं. त्यांनी मोजमाप काल पुन्हा सुरू केलंय. सोमवारपासून कार्ड थंड कपाटात उणे २० अंशांवर ठेवून हीच ५०० वेळांची चाचणी करतोय, ऑसिलेटर तिथे कसा वागतो ते पाहायचंय. आकडे इथेच टाकतो.